बसला म्हणजे जुळला असं नाही: जुन्या गाडीसाठी विजेचे योग्य सुटे भाग कसे शोधावेत

चुकीचं बेअरिंग जागेवर बसतच नाही. चुकीचा पिस्टन सिलिंडरमध्ये जात नाही. यांत्रिक भागांचं हे एक बरं असतं, चूक हातातच कळते. विजेच्या भागांचं तसं नाही. चुकीची इग्निशन कॉइल (स्पार्क प्लगच्या ठिणगीसाठी उच्च दाबाची वीज बनवणारा डबा) जुन्या पट्टीत अगदी नीट बसते, वायरी लागतात, गाडी सुरूही होते. मग काही दिवसांनी पॉइंट (कॉइलची वीज चालू-बंद करणारे संपर्क) जळायला लागतात, इंजिन तापलं की गाडी बंद पडते, आणि बिचाऱ्या कार्बोरेटरला उघडून साफ केलं जातं. चष्म्याची फ्रेम नाकावर बसली म्हणून काचेचा नंबर जुळला असं आपण म्हणत नाही, तसंच हे आहे.

जुन्या गाडीचे मालक दुकानदाराला पहिलं वाक्य सांगतात ते गाडीचं नाव आणि वर्ष. माझ्या मते विजेच्या भागांसाठी हा सगळ्यात कच्चा धागा आहे. पक्के धागे तीन: भाग कोणत्या कंपनीने बनवला, त्यावर कोणता नंबर ठोकलेला आहे, आणि तो ज्या सर्किटमध्ये काम करतो त्याची मागणी काय आहे. हे तीन हातात असतील तर गाडीचं नाव न सांगताही योग्य भाग मिळतो. हे तीन नसतील तर गाडीचं नाव सांगूनही चुकीचा भाग मिळू शकतो.

भाग कोणाचा?

गाड्या बनवणाऱ्या बहुतेक कंपन्या डायनामो (गाडीत वीज बनवणारं यंत्र), डिस्ट्रिब्युटर (ठिणगीची वीज प्रत्येक सिलिंडरला वाटणारा भाग), वायपर मोटर या गोष्टी स्वतः बनवत नव्हत्या. ब्रिटिश गाड्यांत बहुतांश विजेचं सामान लुकासचं आणि मीटर बऱ्याचदा स्मिथ्सचे. जर्मन आणि स्वीडिश गाड्यांत बॉशचं राज्य. इटालियन गाड्यांत मॅग्नेटी मारेली. फ्रेंच गाड्यांत ड्युसेलिए, सेव्ह मार्शल, पॅरी-रोन. जपानी गाड्यांत हिताची, निप्पॉनडेन्सो, मित्सुबिशी. जनरल मोटर्सकडे स्वतःची डेल्को-रेमी होती.

याचा फायदा मोठा आहे. लुकासचा सी४० डायनामो एमजी, ट्रायम्फ, ऑस्टिन, लँड रोव्हर अशा कितीतरी गाड्यांत थोड्याफार फरकाने वापरला गेला. म्हणजे तुमच्या दुर्मिळ गाडीचा भाग एखाद्या सर्वसाधारण गाडीच्या सामानात सापडू शकतो, तोही स्वस्तात. गाडीच्या नावाने शोधणाऱ्याला हा दरवाजा दिसतच नाही.

आता नंबर कसा वाचायचा ते पाहू. लुकासच्या भागावर साधारणपणे तीन गोष्टी असतात. पहिली मॉडेलची खूण, म्हणजे डिस्ट्रिब्युटरसाठी २५डी४ किंवा ४५डी४, वायपर मोटरसाठी डीआर३ए किंवा १४डब्ल्यू. दुसरी, पाच आकडी नंबर. आणि तिसरी, महिना किंवा आठवडा आणि वर्ष सांगणारे आकडे. यातली मॉडेलची खूण वाचून लोक थांबतात, आणि तिथेच फसतात. २५डी४ म्हणजे फक्त डिस्ट्रिब्युटरचा सांगाडा. ठिणगीची वेळ पुढेमागे करणाऱ्या आतल्या वजनांच्या स्प्रिंगा किती ताठ, व्हॅक्यूमची डबी ती वेळ किती अंश ओढते, हे इंजिनागणिक वेगळं असतं आणि ते त्या पाच आकड्यांत दडलेलं असतं. दुसऱ्या इंजिनाचा २५डी४ बसवलात तर गाडी चालेल, पण चढावर ठोकेल किंवा जोर धरणार नाही.

बॉशचा नंबर दहा आकडी असतो आणि त्याची सुरुवात बरंच सांगून जाते. ० २३१ ने सुरू होणारा डिस्ट्रिब्युटर, ० २२१ म्हणजे इग्निशन कॉइल, ० ३३२ म्हणजे रिले (छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच). ० ९८६ ने सुरू होणारा नंबर दिसला तर तो मूळ गाडीवर बसून आलेल्या भागाचा नसून नंतरच्या बदली सामानाच्या यादीतला असतो. तो वाईट असतो असं मुळीच नाही, फक्त तो मूळ नंबर नव्हे, एवढं लक्षात ठेवून मूळ नंबराशी त्याची जोडी पक्की करून घ्यावी.

अमेरिकन फोर्डच्या नंबरात पहिलं अक्षर दशक सांगतं: बी म्हणजे १९५० चं, सी म्हणजे १९६० चं, डी म्हणजे १९७० चं. पुढचा आकडा वर्ष. मधला आकडा भागाचा प्रकार: १०३०० अल्टरनेटर (डायनामोच्या जागी नंतर आलेलं यंत्र), १२१२७ डिस्ट्रिब्युटर, १२०२९ कॉइल. पण फोर्डमध्ये एक खोच आहे. भागावर ठोकलेला नंबर हा कारखान्याच्या आरेखन विभागाचा असतो, आणि सुट्या भागांच्या यादीतला नंबर बऱ्याचदा वेगळा असतो. भागावरचा नंबर यादीत सापडला नाही म्हणून भाग खोटा ठरवू नका. डेल्को-रेमीच्या भागावर सात आकडी नंबर आणि त्याशेजारी '५ सी १२' अशासारखी खूण असते. पाचने संपणारं वर्ष, तिसरा महिना, बारा तारीख. दशक मात्र लिहिलेलं नसतं. ते नंबरावरून आणि भागाच्या बनावटीवरून ठरवावं लागतं.

आणि एक इशारा. पन्नास-साठ वर्षांच्या गाडीवर आज जो भाग बसलेला आहे तो मूळचाच असेल याची काहीही खात्री नाही. मधे कोणीतरी जे मिळालं ते लावलेलं असतं. म्हणून भागावरची तारीख गाडीच्या बांधणीच्या तारखेशी ताडून पाहा. भाग गाडीपेक्षा काही आठवडे किंवा दोन-चार महिने जुना असेल तर तो बहुधा मूळचा. गाडीपेक्षा नवा असेल तर तो नक्की बदललेला आहे, आणि मग त्याचा नंबर घेऊन बाजारात जाणं म्हणजे कुणा दुसऱ्याची चूक पुन्हा विकत घेणं. अशा वेळी कारखान्याची सुट्या भागांची यादी उघडावी. त्या याद्यांत 'अमुक चॅसी नंबरपर्यंत' आणि 'अमुक चॅसी नंबरपासून' असे दोन वेगवेगळे नंबर दिलेले असतात. नोंदणीचं वर्ष इथे उपयोगाचं नाही. गाडी बांधून झाल्यावर कधीकधी महिनोन्‌महिने विक्रीसाठी उभी असायची. चॅसी नंबर आणि इंजिन नंबर हेच प्रमाण.

व्होल्ट किती आणि अर्थ कोणता

कुठलाही भाग शोधायच्या आधी या दोन प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहून ठेवा. इथे अर्थ म्हणजे अर्थिंग: बॅटरीचं कोणतं टोक गाडीच्या बॉडीला जोडलेलं आहे ते.

अमेरिकन गाड्या १९५० च्या दशकाच्या मध्यावर ६ व्होल्टवरून १२ व्होल्टवर आल्या. फोर्डने हा बदल १९५६ च्या मॉडेलला केला, आणि त्याच वेळी पॉझिटिव्ह अर्थ सोडून निगेटिव्ह अर्थ घेतला. फोक्सवॅगन बीटल बहुतांशी १९६७ च्या मॉडेलपासून १२ व्होल्टची झाली. ब्रिटिश गाड्या १२ व्होल्टवर आधीच आल्या होत्या, पण त्यांतल्या पुष्कळ गाड्यांत १९६० च्या दशकातही बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असे.

बॅटरीवरचं लेबल वाचून व्होल्ट ठरवू नका. एमजीबी या गाडीत १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागोमाग जोडलेल्या असत. गाडी १२ व्होल्टची, पण झाकण उघडलं की समोर ६ व्होल्टची बॅटरी. मल्टिमीटर लावून पाहणं हा एक मिनिटाचा उद्योग आहे.

अर्थ कोणता, याला कोणते भाग जुमानतात आणि कोणते नाही, हे समजलं की निम्मा गोंधळ संपतो. साधा तारेचा बल्ब, हॉर्न, तापणाऱ्या पट्टीवर चालणारा फ्लॅशर (इंडिकेटर चमकवणारा डबा), पॉइंट, कंडेन्सर (पॉइंटवरची ठिणगी शमवणारी छोटी डबी), चुंबकासाठी तारेची गुंडाळी असलेली स्टार्टर मोटर, यांना उलटसुलट काही फरक पडत नाही. याउलट अल्टरनेटर, इलेक्ट्रॉनिक इग्निशन, एलईडी, रेडिओ, यांना चुकीचा अर्थ मिळाला तर ते पहिल्याच क्षणी जळू शकतात. मधल्या गटात मोटरी येतात. ज्या वायपर किंवा ब्लोअर मोटरीत कायमचा चुंबक असतो ती अर्थ बदलला की उलटी फिरते. ज्या मोटरीत चुंबकाच्या जागीही गुंडाळी असते ती तशीच फिरत राहते. लुकासची जुनी डीआर३ए वायपर मोटर दुसऱ्या प्रकारची, नंतरची १४डब्ल्यू पहिल्या प्रकारची.

स्मिथ्सचा इंजिनाचे फेरे दाखवणारा मीटर हा या बाबतीत फारच हळवा असतो. १९६० च्या दशकातल्या आरव्हीआय प्रकारात इग्निशनच्या वायरीतून जाणारा प्रवाह मोजला जातो. तो एका ठरावीक अर्थसाठीच बनवलेला असतो, तबकडीवर बारीक अक्षरांत तसं छापलेलंही असतं. पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवल्यावर हा मीटर अनेकदा गप्प होतो. मीटर बिघडला असं समजून दुसरा शोधण्यात हशील नाही, त्याला हव्या तशा प्रवाहाचे ठोकेच मिळेनासे झालेले असतात.

६ व्होल्टच्या गाड्यांत आणखी एक फसगत मला सारखी दिसते. तेवढीच शक्ती द्यायला ६ व्होल्टमध्ये दुप्पट प्रवाह लागतो. ४५ वॅटचा दिवा १२ व्होल्टवर पावणेचार अँपिअर खातो, ६ व्होल्टवर साडेसात. स्टार्टरचा प्रवाह तर शेकड्यांत. म्हणून या गाड्यांच्या बॅटरीच्या केबल मूळच्या फार जाड असतात. आज दुकानात टांगलेल्या तयार केबल १२ व्होल्टच्या हिशेबाने केलेल्या, जवळपास निम्म्या जाडीच्या. त्या लावल्या की स्टार्टर रेंगाळत फिरतो, मग मालक स्टार्टर उघडतो, नवी बॅटरी आणतो, शेवटी गाडीच १२ व्होल्टवर नेऊ या म्हणतो. दोष फक्त केबलचा असतो.

कॉइल: सगळ्यात जास्त चुकणारा भाग

बाहेरून सगळ्या कॉइली सारख्या. गोल डबा, वर एक जाड भोक, बाजूला दोन टोकं. आत मात्र दोन जाती आहेत.

पहिल्या जातीत आतल्या प्राथमिक गुंडाळीचा रोध साधारण ३ ओहम असतो. ती थेट १२ व्होल्टवर चालते आणि पॉइंट मिटलेले असताना तिच्यातून सुमारे ४ अँपिअर जातात. दुसरी जात बॅलास्टवाली. तिचा रोध साधारण दीड ओहम. तिच्या मार्गात एक वेगळा रोध, म्हणजेच बॅलास्ट, असतो, त्यामुळे इंजिन चालू असताना तिला पूर्ण १२ व्होल्ट मिळत नाहीत. स्टार्टर फिरत असताना मात्र हा रोध वगळून तिला बॅटरीशी थेट जोडलं जातं. थंडीत बॅटरीचा व्होल्टेज खाली बसतो तेव्हाही ठिणगी चांगली पडावी, हा त्यामागचा हेतू. कल्पना चांगली आहे, पण बदली भाग घेणाऱ्याला ती माहीत असायला हवी.

बॅलास्टवाली कॉइल साध्या गाडीला लावली तर काय होईल? १२ भागिले दीड, म्हणजे ८ अँपिअर. पॉइंट याच्या निम्म्या प्रवाहासाठी बनवलेले. ते जळतात, कॉइल हात लावता येणार नाही इतकी तापते. उलट चूक केली, म्हणजे ३ ओहमची कॉइल बॅलास्टच्या मार्गात लावली, तर प्रवाह जेमतेम पावणेतीन अँपिअर. ठिणगी दुबळी पडते, गाडी सावकाश बरी चालते आणि वेगात धाप लागल्यासारखी करते. दोन्ही लक्षणं पेट्रोलच्या दोषासारखी दिसतात, म्हणूनच हा भाग इतका छळतो.

गाडी कोणत्या जातीची, हे नुसतं पाहून ठरवणं धोक्याचं आहे. काही गाड्यांत बॅलास्ट म्हणजे चिनी मातीचा पांढरा ठोकळा असतो, तो दिसतो. पण बऱ्याच गाड्यांत तो रोध वायरिंगमध्येच विणलेली एक खास वायर असते. अमेरिकन फोर्डमध्ये ती गुलाबी, नंतरच्या ब्रिटिश गाड्यांत पांढरी-गुलाबी. कोणी नवीन वायरिंग केलं आणि त्या जागी साधी वायर ओढली, तर बॅलास्ट गायब होतो आणि कोणाला पत्ताही लागत नाही.

तपासणी सोपी आहे. इंजिन हाताने फिरवून पॉइंट मिटलेल्या स्थितीत आणा. इग्निशन चालू करा. कॉइलच्या ज्या टोकाला इग्निशनची वायर येते तिथे आणि बॉडीवर मल्टिमीटर लावा. बॅटरीइतकेच व्होल्ट दिसले तर बॅलास्ट नाही. ६ ते ९ च्या दरम्यान दिसले तर आहे. लगेच इग्निशन बंद करा, कारण पॉइंट मिटलेले असताना कॉइल तापत राहते. मग कॉइलच्या दोन्ही वायरी काढून ओहमवर तिचा रोध मोजा. हे दोन आकडे हातात आले की दुकानदाराच्या आठवणीवर विसंबायची गरज नाही.

कॉइलची दिशाही असते. स्पार्क प्लगच्या मधल्या टोकाला निगेटिव्ह बाजू मिळाली तर ठिणगी सहज उडते, कारण ते टोक जास्त तापलेलं असतं. निगेटिव्ह अर्थच्या गाडीत कॉइलचं 'धन' टोक इग्निशनकडे आणि 'ऋण' टोक डिस्ट्रिब्युटरकडे. पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत बरोबर उलट. जुन्या लुकास कॉइलवर अशा खुणा नसून एसडब्ल्यू आणि सीबी ही अक्षरं असतात: एसडब्ल्यू स्विचकडे, सीबी डिस्ट्रिब्युटरकडे. अशी कॉइल मूळची पॉझिटिव्ह अर्थसाठी बनवलेली असेल आणि गाडी मधे कधीतरी निगेटिव्ह अर्थवर आणली असेल, तर अक्षरांवर भरवसा न ठेवता वायरी अदलाबदल कराव्या लागतात.

चार्जिंग: जोडी तोडू नका

डायनामो आणि त्याच्या विजेवर ताबा ठेवणारा रेग्युलेटर, ज्याला आपल्याकडे सरसकट कट-आऊट म्हणतात, ही जोडी आहे. एक बदलताना दुसऱ्याचा नंबर बघितलाच पाहिजे. लुकासच्या आरबी१०६ पेटीत दोन गुंडाळ्या असतात, आरबी३४० मध्ये तीन. तिसरी प्रवाहाला वेगळा लगाम घालते. दोन्हींच्या टोकांची मांडणी वेगळी, त्यामुळे एकीची वायरिंग दुसरीला जशीच्या तशी लावणं म्हणजे धूर काढणं.

अमेरिकन डायनामोंत तर मुळातच दोन पद्धती आहेत. डेल्कोच्या पद्धतीत फील्ड गुंडाळीचं (डायनामोत चुंबक तयार करणाऱ्या तारेच्या गुंडाळीचं) एक टोक रेग्युलेटरमधून अर्थ होतं. फोर्डच्या पद्धतीत ते डायनामोच्या आतच अर्थ असतं आणि रेग्युलेटर दुसऱ्या टोकाला वीज पुरवतो. एकाचा रेग्युलेटर दुसऱ्याला लावला तर डायनामो कितीही चांगला असो, चार्जिंग होत नाही.

अल्टरनेटर आल्यावर हे सोपं झालं, पण एकदम नाही. लुकासच्या ११एसी अल्टरनेटरला ४टीआर नावाचा वेगळा रेग्युलेटर लागतो. नंतरच्या एसीआर मालिकेत, म्हणजे १६एसीआर, १७एसीआर, १८एसीआर यांत तो आतच असतो. आधीच्या गाडीला नंतरचा अल्टरनेटर लावता येतो, पण मग बाहेरचा रेग्युलेटर आणि त्याच्या वायरी विचारपूर्वक काढाव्या लागतात, आणि मुख्य वायर जाड करावी लागते.

एकाच बदलामागे किती भाग बदलतात याचं एमजीबी हे उत्तम उदाहरण आहे. १९६७ च्या अखेरीस ती डायनामोवरून अल्टरनेटरवर आली. त्याच वेळी पॉझिटिव्ह अर्थ गेला, निगेटिव्ह आला, आणि उडी मारून दात्यात अडकणाऱ्या जुन्या स्टार्टरच्या जागी आधी दात्यात शिरून मग फिरणारा स्टार्टर आला. बीटलचंही तसंच. ६ व्होल्टच्या फ्लायव्हीलला (स्टार्टर ज्याच्या दात्यांत अडकतो त्या इंजिनाच्या जड चाकाला) १०९ दाते, १२ व्होल्टच्या फ्लायव्हीलला १३०. गाडी १२ व्होल्टवर नेली आणि फ्लायव्हील जुनंच ठेवलं, तर स्टार्टर निवडताना दात्यांचा हिशेब आधी, व्होल्टचा नंतर.

पेट्रोलचा काटा खोटं का बोलतो

मीटर आणि टाकीतला सेंडर हीसुद्धा जोडीच. सेंडर म्हणजे तरंगत्या गोळ्याला जोडलेला बदलता रोध. कोणत्या पातळीला किती ओहम, हे प्रत्येक बनावटीचं वेगळं. जनरल मोटर्सच्या १९६० च्या दशकाच्या मध्यानंतरच्या गाड्यांत रिकाम्या टाकीला शून्य आणि भरलेल्या टाकीला ९० ओहम. फोर्डमध्ये उलट, रिकामी ७३ आणि भरलेली साधारण १०. व्हीडीओ कंपनीच्या मीटरला रिकामी १० आणि भरलेली १८० हवी. बाजारात 'सगळ्या गाड्यांना चालणारा' म्हणून मिळणारा सेंडर बऱ्याचदा २४० ते ३३ ओहमचा असतो. चुकीची जोडी लावली की टाकी भरल्यावर काटा रिकामा दाखवतो. गोळ्याचा दांडा वर-खाली करून मल्टिमीटरवर दोन्ही टोकांचे ओहम मोजा आणि त्या आकड्यांवरूनच बदली सेंडर मागा.

१९६० च्या दशकातल्या बऱ्याच ब्रिटिश गाड्यांत मीटरांना थेट १२ व्होल्ट न देता स्थिर ठेवणारी एक छोटी डबी असते. ती आतली पट्टी तापवून-थंडवून वीज चालू-बंद करते आणि सरासरी १० व्होल्ट देते. अमेरिकन फोर्डमध्ये असाच भाग सरासरी ५ व्होल्टचा. पेट्रोल आणि तापमान हे दोन्ही काटे एकदम वर गेले किंवा एकदम खाली आले तर मीटर बदलू नका, ही डबी बघा. तिच्या कवचाला बॉडी अर्थ मिळत नसेल तरी ती चुकते. आता तिची इलेक्ट्रॉनिक आवृत्ती मिळते आणि ती मला जुन्यापेक्षा चांगली वाटते, पण ती घेताना अर्थ कोणता ते सांगावं लागतं. जुन्या डबीला ते लागत नसे.

फ्यूज: आकडा तोच, मतलब वेगळा

हा धोका फार कमी लोकांना माहीत आहे, आणि इथे चुकलं तर गाडी पेटू शकते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. लुकासच्या काचेच्या फ्यूजवर ३५ लिहिलेलं असतं ते उडण्याच्या प्रवाहाचा आकडा म्हणून. कायमचा प्रवाह तो फक्त १७ अँपिअरच्या आसपास सोसतो. अमेरिकन एजीसी पद्धतीच्या काचेच्या फ्यूजवर ३५ लिहिलं असेल तर तो ३५ अँपिअर कायम वाहून नेतो. म्हणजे लुकासच्या ३५ च्या जागी एजीसीचा ३५ लावला तर संरक्षण निम्म्यावर येतं. वायर आधी वितळेल, फ्यूज नंतर उडेल. पेटीवर ३५ छापलेलं असलं तरी एजीसी घ्यायचा तर कायमच्या १७ च्या जवळपासचाच घ्यावा. दोन्हींच्या लांबीतही किंचित फरक असतो, त्यामुळे पकड सैल होऊन टोकं तापतात.

जर्मन आणि इटालियन गाड्यांत टोकदार नळीसारखे फ्यूज असतात: पांढरा ८ अँपिअरचा, लाल १६ चा. यांत चिनी मातीची बॉडी असलेलेच घ्या. प्लास्टिकचे तापले की मऊ होतात, आणि स्प्रिंगची पकड सुटते.

वायरीच्या रंगांबद्दल एकच सांगतो. ब्रिटिश गाडीत तपकिरी वायर म्हणजे बॅटरीकडून थेट आलेली, फ्यूज नसलेली जिवंत वायर. जर्मन गाडीत तपकिरी म्हणजे अर्थ. एका पद्धतीत हात बसलेल्या माणसाने दुसऱ्या देशाची गाडी उघडताना हे आधी स्वतःला बजावावं. वायरीची जाडी ब्रिटिश याद्यांत २८/०.३० अशी लिहितात, म्हणजे ०.३० मिलिमीटरच्या २८ तारा. या वायरीला साधारण १७ अँपिअर झेपतात. बदली वायर घेताना तांब्याचं क्षेत्रफळ जुळवा, बाहेरचं आवरण नव्हे. आवरण जाड आणि तांबं पातळ अशा वायरी पुष्कळ मिळतात.

रिले दिसायला सगळे चौकोनी ठोकळे. युरोपीय रिलेवरचे आकडे ठरलेले आहेत: ३० बॅटरीकडून, ८५ आणि ८६ गुंडाळीची टोकं, ८७ बाहेर जाणारी वीज. पाच टोकांच्या रिलेत मधलं टोक कधी दुसरं ८७ असतं, कधी ८७ए. ८७ए म्हणजे रिले बंद असताना चालू असणारं टोक. यांची अदलाबदल झाली की स्विच बंद करूनही दिवा किंवा पंप चालूच राहतो.

बल्बांच्या बाबतीत ६ आणि १२ व्होल्टचे होल्डर बहुधा सारखेच असतात, तेव्हा काचेवरचं नाही तर धातूवरचं बारीक लिखाण वाचा. एका तारेच्या बल्बला दोन्ही खिळे एकाच उंचीवर, दोन तारांच्या ब्रेक-टेल बल्बला खालीवर. हेडलाइटमध्ये मूळच्या ४५/४० वॅटच्या जागी ६०/५५ चा एच४ हॅलोजन बल्ब घालायची इच्छा सगळ्यांना होते. दोन दिव्यांचा मिळून प्रवाह साडेसातवरून १० अँपिअरवर जातो, आणि तो जुन्या स्विचमधून जातो. रिले बसवल्याशिवाय हे करू नका. सी४० डायनामो सगळा जोर लावून २२ अँपिअर देतो, त्यात वायपर, हीटर आणि इग्निशनचाही वाटा आहे, हेही मोजा. एलईडी इंडिकेटर लावले की जुना फ्लॅशर चमकायचा थांबतो. त्याची पट्टी २१ वॅटच्या दोन बल्बांच्या प्रवाहाने तापेल अशी बनवलेली असते, आणि एलईडी तेवढा प्रवाह घेतच नाही.

लुकासच्या केबलने चालणाऱ्या वायपर मोटरीसाठी अजून एक बारकावा. आतल्या दातेरी चाकावर ११०, १२०, १३० असे अंश कोरलेले असतात. पाते किती अंश फिरणार ते चाक ठरवतं. मोटर जुळली आणि चाक चुकलं तर पाते काचेच्या चौकटीवर आपटतं. मोटर बदलताना जुन्या मोटरीतलं चाक काढून नव्यात घाला, म्हणजे प्रश्नच उरत नाही.

नवा, जुना साठा, की आपलाच दुरुस्त?

'न वापरलेला जुना साठा' हे शब्द ऐकले की लोक हुरळून जातात. काही भागांसाठी हुरळणं रास्त आहे. स्विच, बल्ब होल्डर, डिस्ट्रिब्युटरचं झाकण, रोटर (डिस्ट्रिब्युटरच्या आत फिरून वीज वाटणारा तुकडा), मीटर, यांचा जुना साठा मिळाला तर घ्यावा, त्या काळचं काम बऱ्याचदा आजच्यापेक्षा सरस होतं. पण कंडेन्सरला हा नियम लावू नका. त्याच्या आत कागद आणि धातूची पातळ घडी असते, ती कपाटात पडल्या पडल्याही दमट होऊन निकामी होते. डायनामो आणि मोटरींतलं ग्रीसही वर्षानुवर्षं वाळून घट्ट झालेलं असतं, ते साफ केल्याशिवाय फिरवू नये.

नव्याने बनवलेल्या भागांत दर्जा फार वरखाली आहे. रोटरचंच पाहा. ज्या रोटरच्या पितळी पट्टीला मधोमध रिव्हेट असते, त्यांतले बरेच स्वस्त रोटर आतून फुटतात: उच्च दाबाची वीज रिव्हेटमधून खालच्या दांड्यात उतरते आणि गाडी रस्त्यात उभी राहते. बिनरिव्हेटचे रोटर खास या दोषामुळे बनवले जाऊ लागले, तेच घ्यावेत. कंडेन्सरची क्षमता साधारण ०.२ ते ०.३ मायक्रोफॅरड असायला हवी. आजकाल बऱ्याच मल्टिमीटरवर ती मोजता येते. बसवण्याआधी मोजा.

डायनामो, स्टार्टर, वायपर मोटर यांच्याबाबत माझं मत ठाम आहे: गाडीवर मूळचा भाग असेल तर तोच दुरुस्त करून घ्यावा. कार्बन ब्रश, बुश, बेअरिंग हे बदलता येतात, गुंडाळी नव्याने भरता येते, कम्युटेटर (ब्रश ज्यावर घासतात तो तांब्याचा भाग) लेथवर साफ होतो. बाहेरून आलेला 'नवा केलेला' भाग अनेकदा दोन-तीन जुन्यांतून जुळवलेला असतो, आणि त्यावर तुमच्या गाडीचा नंबर असेलच असं नाही.

विचारणा करताना भागाची कंपनी, मॉडेलची खूण, पूर्ण नंबर, तारीख, व्होल्ट, अर्थ आणि चॅसी नंबर लिहून पाठवा. फोटो टोकांच्या बाजूने काढलेला हवा, कारण समोरून सगळे भाग सारखे दिसतात. टोक स्क्रूचं, गोळीचं, की पात्याचं, आणि पातं असेल तर ६.३ मिलिमीटरचं की ९.५ चं, तेही सांगा. उत्तरात फक्त 'हो, तुमच्या गाडीला बसतो' असं आलं तर भागावरचा नंबर विचारा. नंबर सांगता येत नसेल तर तिथून घेऊ नका.

बरेच विक्रेते बदली भाग देताना जुना परत मागतात. तो देण्याआधी त्यावरचे सगळे नंबर उतरवून घ्या, चारही बाजूंनी फोटो काढा, पुली, पंखा, वायपरचं चाक, कंस असे गाडीनुसार बदलणारे तुकडे काढून ठेवा. नवा भाग टेबलावर तपासून, मग गाडीवर गरम इंजिनात, दिवे लावून, दूर अंतर चालवून पाहा. तोपर्यंत जुना भाग हातचा जाऊ देऊ नका. नवा चुकीचा निघाला, तर खरा नंबर ज्यावर आहे तो भाग तुमच्याकडेच असेल.